माजी विद्यार्थी आणि उणे ऐंशीचा फ्रीजर

आमच्या हाडांच्या पेशींच्या लॅबमधून पीएचडी संपवून माणूस बाहेर पडतो म्हणजे नक्की काय, तर त्याची फेलोशिप थांबते, बाकी सगळा संसार इथेच राहतो. उणे ऐंशी डिग्रीचा फ्रीजर उघडा, बर्फात रुतलेले डबे, डब्यावर मार्करने ठळक 'टाकू नये!!' आणि लिहिणारा आता कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण १०% भाग दरवर्षी नव्याने घडतो म्हणे, आमच्या फ्रीजरला ही बातमी अजून पोचलेली नाही. मॅडम म्हणाल्या टाकण्याआधी विचारून घे. विचारलं. उत्तर आलं, "अजून आहे ते? असू दे रे, लागेल." कोणाला, ते नाही सांगितलं.

माझ्या वाट्याला आल्यात ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड कुरतडणाऱ्या पेशी. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी काढायच्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट बनवणारी दोन प्रथिनं, एम-सीएसएफ आणि रँक-एल, पाजायची, ३७ डिग्रीला ठेवायचं आणि पाच-सहा दिवस वाट बघायची की कधी एकदा त्या एकमेकींत मिसळून मोठ्या होतायत, आणि झाल्या की लग्गेच फिक्स करायच्या (म्हणजे रसायन घालून आहेत तशा टिकवायच्या) कारण जरा उशीर केला की मरून प्लेट रिकामी, आणि हा मुहूर्त बरोब्बर रविवारीच निघतो. शेजारच्या बेंचवरची ऑस्टिओब्लास्टवाली, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींवाली, तीन-तीन आठवडे पेशींच्या खाद्याचं मिडियम बदलत बसते, त्यामुळे तिच्यापुढे रडायचीही सोय नाही.

प्रोटोकॉल म्हणजे एका ताईंची जुनी वही. त्यात लिहिलंय, 'रँक-एल नेहमीप्रमाणे, सीरम चांगल्या लॉटचं'. नेहमीप्रमाणे म्हणजे किती हो? माजी लोकांच्या ग्रुपवर टाकलं. एक म्हणाले ५० नॅनोग्रॅम, दुसऱ्या म्हणाल्या छे, १०० शिवाय होतच नाही, आणि तिसऱ्याने विचारलं, तो शेकर अजून खडखडतो का. (खडखडतो.)

एवढं होऊन ट्रॅप स्टेन, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट ओळखायचा रंग, केला की पेशी मस्त जांभळट लाल दिसतात, फोटोबिटो निघतात, आणि मग सुरू होतो खरा छळ, मोजणी. एका पेशीत तीन किंवा जास्त न्यूक्लियस (केंद्रकं) असतील तरच ऑस्टिओक्लास्ट म्हणायचं, दोनवालीला प्रवेश नाही. आता तो तिसरा ठिपका न्यूक्लियस की डाय नीट न गाळल्याचा कण, यावरून आमच्याकडे दोन तट आहेत आणि जेवायला वेगवेगळे बसतात.

परवा त्याच वहीवाल्या ताई लॅबमध्ये आल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाल्या, "ह्या ऑस्टिओक्लास्ट? आमच्या वेळी केवढ्या मोठ्या असायच्या!" मी शांतपणे विचारलं, ताई, पण ह्या कोपऱ्यातलीत न्यूक्लियस दोन की तीन? बघत राहिल्या, फोकस पुढे-मागे केला, पर्स खाली ठेवली. मी हळूच मोजणीचा काउंटर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, अजून अख्खी प्लेट आहे, तुम्ही करा निवांत, मी चहा पिऊन येतो.