‘उत्पन्न कमी दाखवा’ म्हणणाऱ्यांनी आधी तो फॉर्म वाचावा

परवा रात्री तासगावहून दादाचा फोन आला. भाचीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायचंय. त्याला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला होता: ‘गरजेवर आधारित शिष्यवृत्ती हवी असेल तर तहसीलदाराचा एक लाखाचा दाखला काढा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, ते लिहू नका. आईचा पगार वगळा. तिकडे कोणी तपासत नाही.’ दादा म्हणाला, “सगळे असंच करतात म्हणे. आपणही करूया का?” ऐकून डोकं फिरलं.

तहसीलदाराचा दाखला आपल्या सरकारी सवलतींसाठी चालतो. अमेरिकेतली बरीच खासगी कॉलेजं कॉलेज बोर्ड या तिथल्या संस्थेचा सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक मदतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात आईवडील दोघांची कमाई, शिल्लक, घर, कर्ज, सगळं विचारलेलं असतं. वर आयकर विवरणपत्र आणि पगाराचे कागदही मागतात. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दरवर्षी फॉर्म १६ हातात पडतो. तिची नोकरी काय खोडून टाकायची?

शेतीचं तर आणखी सोपं आहे. करमुक्त उत्पन्नही त्या फॉर्ममध्ये विचारतात. कर लागतो की नाही हे आयकर खात्याने बघावं, कॉलेजला घरात पैसा किती येतो एवढंच हवं असतं. दादाच्या बेदाण्याच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे, पैसे थेट बँकेत जमा होतात, आणि तेच पासबुक उद्या व्हिसाला लागणार. दाखल्यावर वर्षाचे एक लाख, पासबुकात एकाच सौद्याचे चार लाख. मुंबईच्या वकिलातीत खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या पोरीने काय सांगायचं? व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर तिथल्या कायद्याने कायमची प्रवेशबंदी लागू शकते.

आणि म्हणे ‘कोणी तपासत नाही’! पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एका भारतीय मुलाने खोट्या कागदांवर प्रवेश आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळवली होती. वडील जिवंत असताना त्यांच्या मृत्यूचा दाखलासुद्धा बनवला. पुढे नाव न देता त्यानेच हे इंटरनेटवर लिहिलं आणि त्यावरून विद्यापीठाला माग लागला. २०२४ मध्ये त्याला अटक झाली, त्याने बनावट कागदांचा गुन्हा कबूल केला, शिक्षण सोडून भारतात परतावं लागलं. शिष्यवृत्ती हातात पडल्यावर, वर्गात बसायला लागल्यावर हे झालं. मेसेज पाठवणारा तेव्हा भाचीच्या शेजारी उभा राहणार आहे का?

एक गोष्ट मान्य करते. घरची ऐपत कमी तर मदत जास्त, हे खरं आहे. पण मेख तिथेच आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं सोडली तर बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांना प्रवेश देताना आपल्याला किती पैसे घालावे लागतील हेही बघतात. वर्षाला पाच लाख भरू शकणारं घर ‘काहीच जमणार नाही’ असं लिहितं, तेव्हा ते आपल्याच मुलीचा अर्ज मागे ढकलतं. शिवाय महागड्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेलाय. शिक्षिकेचा पगार आणि द्राक्षबाग मिळून त्याच्या आसपासही पोचत नाही. खरं लिहिलं तरी गरज स्पष्ट दिसते, मग खोटं कशासाठी?

गेल्या वर्षी अवकाळीने दादाचा निम्मा माल गेला. अशी अडचण सांगायला फॉर्ममध्ये जागा असते, ते त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

दादाला सांगितलंय, शनिवारी येते. वहिनीचा फॉर्म १६, तीन वर्षांच्या पट्ट्या आणि सोसायटीच्या कर्जाचा उतारा काढून ठेव. भाचीला शेजारी बसवून आपण तिघं मिळून भरू.