कराचीला ठोकता आलं, शेखाडीला कोणाला ठोकणार होतात?

रोज कोणतरी लिहितं, अतिरेकी असोत नाहीतर पाकिस्तान, एकदाच काय ते उडवून टाका, विषय संपला. मी काय मेणबत्तीवाला नाही हां, आधीच सांगतो, पण हे दोन हिशोब वेगळे आहेत.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या मिसाईल बोटी कराचीवर गेल्या, पाकिस्तानची खैबर ही युद्धनौका बुडवली, तेलाच्या टाक्या पेटवल्या. तिकडे बंदर होतं, तेल होतं, सरकार होतं, आणि १६ तारखेला ढाक्यात सही करायला जनरलही होता. देशाकडे गमावण्यासारखं असतं म्हणून तो वाकतो.

आता १९९३. आमच्या श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा नेव्हीकडे विक्रांत होती, विराट होती, काय उपयोग? कस्टम आणि पोलिसातल्या काही जणांचे हात ओले झालेले, पुढे कोर्टात शिक्षा पण झाल्या. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. २००८ ला २६/११ च्या वेळी परत तेच, कुबेर ही गुजरातची मच्छीमार बोट पळवली आणि दहा अतिरेकी रबरी होडीतनं कफ परेडच्या कोळीवाड्यात उतरले.

कोणी म्हणेल श्रीलंकेने एलटीटीई, म्हणजे ते तमिळ वाघ, संपवलीच की २००९ ला. संपवली, पण एलटीटीईकडे जमीन होती, स्वतःचं आरमार होतं, म्हणजे जवळजवळ देशच झालेला तो.

आणि पोसणाऱ्या देशाला मार पडलाच पाहिजे. पहलगामला २६ जणांना मारलं, त्यावर ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर केलं ते माझ्या मते बरोबरच केलं, पोसणं महाग पडतं हे त्यांना कळायलाच हवं. पण कॅम्पच्या भिंती परत उभ्या राहतात, आणि पुढची होडी रडारवर आपल्या हजारो होड्यांसारखीच दिसणार.

ती पकडायची कुठे, तर जेट्टीवर. संध्याकाळी बंदरावर जाऊन बघा, टोकनवर (समुद्रात जायच्या परवान्यावर) खलाशी आठ, बोटीत नऊ, नववा कोण विचारलं तर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणतो "अरे तो आजारी हाय ना, त्याचा भाऊ, नेपाळचा." जेट्टीवरचा गार्ड बिचारा कंत्राटी, पगार दोन-दोन महिने लटकलेला, तो कोणाशी भांडणार? लिहितो आठ आणि सोडतो.

मिसाईलच्या रेंजवर रात्रभर वाद घालणाऱ्यांनो, आमदार आले की त्या गार्डच्या पगाराचं कोण विचारणार आहे? मी दोनदा विचारलं, "बघतो" म्हणाले.