‘साउंडवाले दादा, आवाज वाढवा ना!’

परवाच्या कार्यक्रमाला मालिकेतल्या एका ताईंना बोलावलेलं. पत्रिकेवर वेळ संध्याकाळी ६. ताई आल्या ९ वाजून १० मिनिटांनी. कारण? ट्रॅफिक. अहो, दुपारी दोनला पुण्यात कॉफी पितानाचा फोटो स्वतःच टाकलाय की! पुणे-बेळगाव जवळपास ३४० किलोमीटर, त्यात सातारा-कागल सहापदरीचं काम. दोनला पुण्यातच असलेला माणूस सहाला इथं बेळगावात कसा पोचणार हो?

आल्या ते ‘नमस्कार कोल्हापूर!’ म्हणतच. मागून कुणीतरी कानात कुजबुजल्यावर बेळगावची मिठाई, कुंदा, आठवला. या सगळ्यांना कुंदाच कसा आठवतो काय की.

आणि तो माइक! जाळीवर मूठ आवळून धरायचा, रॅप गाणाऱ्यासारखा. जाळीच्या मागच्या बाजूची भोकं मुठीत झाकली की माइक समोरचंच ऐकायचं सोडून चहूबाजूंचं ऐकायला लागतो, पायाजवळच्या मॉनिटरचा, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज त्यात शिरतो आणि सुरू होते कुईईई. वर ताई चालत चालत मेन स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभ्या. मग ऑपरेटर बिचारा गेन (माइकची पातळी) खाली घेतो, आवाज पडतो, आणि स्टेजवरून हजार माणसांसमोर ‘साउंडवाले दादा, आवाज वाढवा ना!’ दादा काय वाढवणार, कपाळ? माइक खालच्या दांड्याला धरायचा, हनुवटीपासून चार बोटं लांब, स्पीकरच्या मागं राहायचं. एवढंच शिकायचं असतं. चारला साउंड चेकला बोलावलेलं, तेव्हा पाठवला कोण, तर मॅनेजर. त्यानं ‘हॅलो, हॅलो, वन टू’ केलं आणि ‘ओके आहे’ म्हणून चहाला गेला.

गाणं म्हणे ‘लाइव्ह’. ट्रॅक मोबाइलवर, ब्लूटूथनं. त्यातही मूळ गायिकेचा आवाज तसाच! मधल्या कडव्यात फोन आला, गाणं थांबलं, अख्ख्या मैदानाला रिंगटोन ऐकू आली. पेनड्राइव्हवर नुसता म्युझिक ट्रॅक आणायला काय होतं?

या सगळ्यात कापलं कोण गेलं? भजनी मंडळ. पखवाजाच्या डाव्या पुडीला सहाच्या हिशोबानं कणीक लावलेली. नऊपर्यंत ती वाळून तडकली, खर्ज गेला. खरवडून नवी लावायची, पुन्हा सुरात आणायचं, तेवढ्यात निवेदक म्हणतो, ‘माऊली, पाचच मिनिटं हं.’ महिनाभर तालीम केलेल्या माणसांना पाच मिनिटं, आणि सत्कारांना पाऊण तास. शाल, श्रीफळ, फेटा, स्मृतिचिन्ह, फोटो, पुन्हा एकदा फोटो, कारण कुणाचे तरी डोळे मिटलेले. एका सत्काराला दोन मिनिटं धरा, वीस-बावीस सत्कार, करा हिशोब. आणि निवेदकाची शायरी वेगळीच.

दहाला पोलीस उभे. दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे, काल निघालेला नाही. तेवढ्यात ताईंना सीमाप्रश्न आठवला. दोन घोषणा, कडकडून टाळ्या, आणि गाडीत बसून निपाणीच्या दिशेनं पसार. परवानगीच्या अर्जावर सही असलेला पोरगा मात्र दुसऱ्या दिवशी ठाण्यात बाकावर. घोषणा द्यायच्या तर थांबा की त्याच्याबरोबर, चहा आम्ही पाजतो.

जनरेटरवाल्याचं तर बोलायलाच नको. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइन गेल्यावर जनरेटरवर चेंजओव्हर करताना न्यूट्रलची वायर ढिली, व्होल्टेज चढलं, दोन अॅम्प्लिफायर गेले. भरपाई कुणाची? साउंडवाल्याचीच, अजून कुणाची.

असो, रक्तदाब वाढतोय. आणि खरं सांगायचं तर ताई उतरल्या तेव्हा खुर्चीवर चढून मोबाइल उंच धरणारे आपणच. तीन तास शिव्या घालून सेल्फीला पहिल्या रांगेत. स्टेजच्या जिन्यावर एवढी गर्दी, की बाउन्सरनं अध्यक्षांनाच ढकललं. (तेवढं मात्र बरं झालं.)

पण सुपारी देतानाचा कागद बदला रे. अर्धे आगाऊ आणि उरलेले स्टेजवर चढायच्या आधी रोख, हे कुठलं शहाणपण? पाव भाग आगाऊ, पाव साउंड चेक स्वतः केल्यावर, उरलेले कार्यक्रम संपल्यावर, आणि उशीर झाला तर दर अर्ध्या तासाला कपात. एजंट म्हणेल, ‘मॅडम अशा अटीवर येत नाहीत.’ नका येऊ म्हणावं. पखवाज तयार आहे.