धडधडत्या हृदयावरील बायपास आणि भूल : एक खुलासा

फोंडा आणि डिचोली भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, हृदय न थांबवता केलेल्या बायपासला केवळ हलकी भूल पुरते. हे खरे नाही. पाठीच्या वरच्या भागात, छातीच्या पातळीवर एपिड्युरल (मणक्यांमधून सुईने दिलेली, तेवढा भाग बधिर करणारी भूल) देऊन, रुग्ण जागा असताना ही शस्त्रक्रिया मोजक्या ठिकाणी झालेली आहे. परंतु रूढ पद्धत संपूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर हीच आहे.

भूलतज्ज्ञाची जबाबदारी येथे उलट वाढते, कारण हृदय आणि फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन जोडलेले नसल्याने शरीराला रक्त पुरवण्याचा सगळा भार त्याच आजारी हृदयावर राहतो. मागच्या बाजूच्या धमनीपर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारद हृदय उचलतात, तेव्हा त्याचे कप्पे दाबले जाऊन रक्तदाब काही क्षणांत कोसळू शकतो. म्हणून धमनीत नळी घालून रक्तदाब ठोक्यागणिक पाहिला जातो, टेबल डोक्याच्या बाजूने खाली झुकवले जाते, सलाइन आणि रक्तदाब वाढवणारी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखी औषधे मोजून दिली जातात, आणि एवढे करूनही रक्तदाब सावरला नाही तर हृदय पुन्हा जागेवर ठेवा, असे भूलतज्ज्ञाने शल्यविशारदांना स्पष्ट सांगावे लागते. या दोघांमधला हा संवाद मला कोणत्याही औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मशीनद्वारे रक्त गरम करण्याची सोय नसल्यामुळे रुग्णाला उबदार ठेवणे भाग असते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनही लागतेच. शिवाय ऐनवेळी मशीन जोडण्याची वेळ येऊ शकते, त्यामुळे ते आणि ते चालवणारे परफ्युजनिस्ट शस्त्रक्रियागृहात सज्ज असावे लागतात.