बल्ब दाबून इंजिन सावरलं, म्हणून पंप बदलू नका

आऊटबोर्डबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाबद्दल, एक सल्ला बराच फिरतोय: ‘वेगात इंजिन दम टाकतंय आणि प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबला की सावरतंय, म्हणजे फ्युएल पंप गेला. लाइन गळत नसेल तर ती ठीकच आहे. चालू इंजिनात बल्ब कडक राहत नसेल तर तोही बदला.’

‘पंप गेला.’ बल्बने इंजिन सावरलं यावरून पेट्रोल कमी पडतंय एवढंच कळतं; पंप ओढत नाही की टाकीकडून येतच नाही, हे नाही. दम टाकत असतानाच बल्बकडे बघा. तो चपटा झाला असेल तर पंप चांगला ओढतोय आणि अडथळा टाकीच्या बाजूला आहे. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो सैल करताच ‘फुस्स’ आवाज आला तर काम तिथेच संपलं. मग टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी आणि बोटीत पक्की बसवलेली टाकी असेल तर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारी झडप). शेवटी नळी. जुन्या नळीचा आतला थर सुटतो. बाहेरून ती धडधाकट दिसते, पण ओढ वाढली की थर आत मिटतो. म्हणून आयडलला (थ्रॉटल न देता, सावकाश चालताना) इंजिन ठणठणीत आणि वेगात गप्प.

‘गळत नाही म्हणजे ठीक.’ सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य हेच. इंजिन चालू असताना टाकी ते पंप ही लाइन ओढीखाली असते, त्यामुळे फटीतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. पंपाच्या आधी पेट्रोलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा. सुरुवातीचे बुडबुडे सोडून द्या. नंतरही माळ थांबली नाही तर कनेक्टरमधली ओ-रिंग, क्लॅम्प आणि फिल्टरचं सील एकेक करून तपासा.

‘बल्ब कडक हवा.’ हवा, पण सुरू करण्यापूर्वी, बल्बवरचा बाण वर इंजिनकडे ठेवून दाबताना. चालू इंजिनात तो थोडा मऊ असतोच. आधीही कडक होत नसेल तर हवा शिरतेय, बल्बचे व्हॉल्व्ह गेलेत, तो उलटा बसलाय किंवा कार्बोरेटर भरून वाहतोय.

पंपाला हात लावण्याआधी दुसरी लहान टाकी, तिच्याच नळी-बल्बसह, जोडून बोट पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर चालवा. (किनाऱ्यावर फ्लशिंगला, म्हणजे नळाचं पाणी जोडून, आयडलवर चालवलं तर हा दोष दिसत नाही.) त्रास गेला तर पंप निर्दोष. राहिला तर आधी हुडखालचा फिल्टर, मग पंप. टू-स्ट्रोकमध्ये तो क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या कप्प्याच्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. पंपातला लवचिक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि त्या सिलिंडरचा प्लग ओला निघतो. क्रँककेसमधून पंपाकडे येणारी ठोक्याची नळी वेगळी असेल तर ती सोडून बघा. आत पेट्रोल दिसलं, तर मात्र पंपाचा (दुरुस्तीचा) किट आणा.