दुष्काळी भागातल्या बाईनं हॉकी बघावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

ओडिशातल्या राउरकेल्यात जानेवारी २०२५ मध्ये पाहिलेल्या हॉकी इंडिया लीगच्या सामन्यावर मी लिहिलं, त्याखाली 'एक लातूरकर' या नावानं तुमची प्रतिक्रिया आली. ती अशी: "ताई, आपल्याकडं उन्हाळा लागायच्या आत टँकर सुरू होतात आणि तुम्ही मैदानावर पाण्याचे फवारे बघून हरखून गेलात. २०१६ ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय. हॉकी आपल्या भागाचा खेळ नाही. ही लीग म्हणजे पैसेवाल्यांचा बाजार. त्या पैशात जगन्नाथपुरी झाली असती." खाली बऱ्याच जणांनी हात जोडून अनुमोदनही दिलंय. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते उर्मट वाटलं असतं, म्हणून सवडीनं लिहितेय.

पाण्यापासून सुरू करते. तुमचा खरा राग तिथं आहे आणि तो मला परका नाही. मी परभणीची, आमच्याकडं पाहुणे येणार म्हटलं की आधी नळाचा वार बघतात. टर्फवर पाणी मारतात ते शोभेसाठी नाही. कृत्रिम गवत कोरडं असलं की चेंडू उसळतो, अडखळतो आणि खेळाडू घसरून पडला की गुडघ्याची सालटी निघतात. भिजवलं की चेंडू जमिनीला धरून सरसर पळतो. सामन्याआधी एकदा आणि मध्यंतरात पुन्हा, हजारो लिटर पाणी जातं. हे खुद्द आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघालाही खटकतंय. बिनपाण्याच्या टर्फच्या मागे ते गेली काही वर्षं आहेत आणि पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकला कमी पाण्यावर भागणारा टर्फ घातला होता. म्हणजे तुमचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो तुम्ही विचारायच्या आधीच विचारला गेलाय.

आता २०१६ चं. त्या एप्रिलमध्ये जलदूत, म्हणजे तीच पाण्याची रेल्वे, लातूरला आली आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. अंतिम सामना मुंबईचा बेंगळुरूला गेला. निकाल योग्यच होता, हिरवळीच्या आधी माणसाचा घसा. पण ते सामने गेल्यानं आपल्या कुणाच्या रांजणात तांब्याभर पाणी वाढलं का? उसाच्या फडाकडं बोट दाखवायची आपली छाती होत नाही, मग राग निघतो चेंडूफळीवर. तुमच्या शिवारात ऊस किती आणि माझ्या माहेरी किती, हा हिशेब मांडायचा असेल तर मी एका पायावर तयार आहे. तिथं फवारे नसतात, मोकाट पाणी सुटतं, आणि कुणी कुणाला हरखून जाऊ नका म्हणत नाही. राउरकेल्यात कोयल आणि शंख या दोन नद्या वेदव्यास तीर्थाजवळ मिळतात, पुढं त्यांची ब्राह्मणी होते. तिथल्या टर्फवर पडलेला थेंब तुमच्या-माझ्या वाट्याचा नव्हता.

"हॉकी आपल्या भागाचा खेळ नाही" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या प्रकाशपर्वाच्या सुमारास त्यांच्या नावाची गोल्ड आणि सिल्व्हर कप अखिल भारतीय हॉकी स्पर्धा कित्येक दशकं भरतेय. खालसा हायस्कूलचं मैदान. पंजाबपासूनचे, फौजेचे, रेल्वेचे, पोलिसांचे संघ येतात. लातूरहून नांदेड किती लांब? मराठवाड्यातल्या मराठवाड्यात एवढी जुनी स्पर्धा चालते आणि आपण 'आपला खेळ नाही' म्हणून मोकळे होतो. आपला नाही की आपण बघायला गेलो नाही?

माझ्या लेखात फवाऱ्यांवर एक परिच्छेद होता आणि माणसांवर बाकी सगळा लेख. तुम्हाला फवारेच दिसले, म्हणून माणसांबद्दल परत सांगते.

भाचेजावई तिथल्या पोलाद कारखान्यात आहेत, त्यांच्याकडं आम्ही गेलो होतो. सामन्याचं बिरसा मुंडा स्टेडियम वीस हजार प्रेक्षकांचं. आम्ही गोलाच्या मागच्या बाजूला बसलो. शेजारी तिथल्याच पानपोषच्या क्रीडा वसतिगृहातल्या मुली, त्यांच्यापलीकडं शाल गुंडाळून बसलेल्या गावाकडच्या आज्या. ओडिशाच्याच कलिंगा लान्सर्स संघाच्या विरुद्ध पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोल मारायची खास संधी, मिळाला. टीव्हीवर यात आपल्याला काय दिसतं? कुणीतरी चेंडू ढकलतो, कुणीतरी अडवतो, तिसरा ओढून मारतो आणि गोल होतो किंवा होत नाही. तिथं बसून दिसतं ते वेगळंच. गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागं उभे राहतात. चौघं घाईघाईनं तोंडावर मुखवटे बांधतात, हातमोजे चढवतात. एकाचा पट्टा लागेना, तर दुसऱ्यानं मागून ओढून लावून दिला. माझ्या शेजारची पोरगी, असेल चौदा-पंधराची, हिंदीत मला म्हणाली की मावशी, चेंडूकडं बघू नका, सगळ्यात आधी जो सुटेल त्याच्याकडं बघा. चेंडू आत आला आणि तो सुटला. समोरून ड्रॅगफ्लिक मारणारा अंग वाकवून चेंडू ओढतोय आणि हा थेट त्याच्या काठीच्या रोखानं पळतोय, छातीनं चेंडू घ्यायची तयारी ठेवून. गोल झाला नाही. चेंडू बाहेर गेला तसे मुखवटे पटापट गोलामागं फेकले गेले, आमच्या समोरच. टाळी पडली ती पळालेल्या गड्याला, आणि पहिली टाळी शालवाल्या आजीची.

ते बघायला मी गेले होते. खेळ कळणारी गर्दी.

ती गर्दी स्टेडियमनं तयार केलेली नाही. स्टेडियम आलं जानेवारी २०२३ मध्ये, विश्वचषकाच्या तोंडावर. त्याच्या कितीतरी आधीपासून राउरकेल्याच्या सुंदरगड जिल्ह्यातल्या गावागावांत लाल मातीच्या मैदानांवर स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस मिळतं बोकड. भारताकडून हॉकी खेळलेले दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास, दोघं सौनामारा या एकाच गावचे. सुंदरगडातली ही गावं काही पैसेवाल्यांची नाहीत. आदिवासी मुलुख आहे, गरिबी आपल्याइतकीच, कुठं कुठं जास्तच. म्हणून 'आधी पोटाचं बघा, मग खेळाचं' असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. तिथल्या लोकांनी दोन्ही एकदमच बघितलंय.

आणि आपण तरी काय वेगळं करतो? टँकर सुरू असलेल्या गावातसुद्धा जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तुम्ही-आम्ही वर्गणी देतो, आणि ढाक हा डाव कधी बसणार हे कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला पैलवानाच्या आधी कळतं. तुमच्याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळत अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली, २०२० मध्ये. यातलं कुणी पावसाळा बरा व्हायची वाट बघत थांबलं नाही. उद्या ओडिशातली एखादी बाई धाराशिवला येऊन खो-खो बघून हरखली, तर तिला तुम्ही टँकरचा हिशेब विचाराल का?

बाजाराचं थोडक्यात सांगते. सामन्याला तिकीट नव्हतं, प्रवेश मोफत होता, त्यामुळं 'त्या पैशात' या शब्दांचा अर्थ लागत नाही. लिलाव झाला हे खरं. सगळ्यात महागडा हरमनप्रीत सिंग, ७८ लाखांना. त्याच हिवाळ्यात आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला. बाजार म्हणायचं तर हा आठवडी बाजार, तो मोंढा. शिवाय २४ जणांच्या संघात किमान १६ भारतीय आणि त्यात चार ज्युनिअर घ्यायची सक्ती होती. ज्या पोराचं नाव गावाबाहेर कुणाला माहीत नाही, तो ऑलिंपिक खेळलेल्या बेल्जियन माणसासोबत महिनाभर सराव करतो. मला खटकलं ते वेगळंच, आणि त्यावर कुणी बोललं नाही: आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. २०१३ च्या पहिल्या लीगला मुंबईचा होता.

जगन्नाथपुरी राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, समुद्राकाठी. राउरकेला वर, झारखंडला लागून. रात्रभराचा प्रवास. वेदव्यासाचं दर्शन मात्र घेतलं, तेवढं पुण्य माझ्या नावावर धरा.

यंदाच्या प्रकाशपर्वाला मी नांदेडला जाणार आहे, या ना. लातूरहून परळीमार्गे परभणीला उतरलात तर पुढं आपण सोबतच जाऊ. दुपारचं जेवण गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये. सामना बघताना तुम्ही आणि मी पाण्यावरून भांडलो तरी चालेल, फक्त पेनल्टी कॉर्नर लागला की दोन मिनिटं गप्प बसायचं.