माळ्याचे झरोके बुजवून शिंगलची गळती थांबत नाही

महाबळेश्वर-पाचगणीकडे सध्या एक मेसेज फिरतोय: शिंगलचं (प्लायवूडवर खिळ्यांनी ठोकलेल्या डांबरी चकत्यांचं) छप्पर गळत असेल तर वळचणीचे आणि आढ्याचे झरोके प्लास्टिकने बंद करा, वरून डांबर फासा, नवीन छप्पर नको. हे चुकीचं आहे.

झरोक्याला पाऊसपट्टीच (पाऊस अडवणारी पट्टी) नसेल तर वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो, एवढं खरं. तिथे पाऊसपट्टी बसवा. पण पाणी बहुधा शिरतं ते छपराची दोन उतरती पाखी मिळतात त्या खाचेतून, धुराड्याच्या कडेच्या सुटलेल्या पत्र्यातून किंवा वर आलेल्या खिळ्यापाशी. मग ते वाशावरून घरंगळत भलतीकडेच टपकतं, म्हणून डाग दिसला तिथेच वर डांबर ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसलं तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज रुतला की प्लायवूड कुजलं.

झरोके बुजवले की स्वयंपाकघराची वाफ आणि ओल वरच कोंडते, प्लायवूड फुगतं, खिळे गंजतात. हवा वळचणीतून आत, आढ्यातून बाहेर जायला हवी. रूढ प्रमाण माळ्याच्या 150 चौरस फुटांमागे झरोक्यांची 1 चौरस फूट मोकळी जागा, निम्मी खाली वळचणीला, निम्मी वर आढ्याला.

छपराच्या कडेच्या पन्हळात शिंगलवरचे वाळूसारखे कण साचत असतील आणि शिंगलच्या कडा वळल्या असतील तर छप्पर बदलाच. जुन्यावर नवा थर चढवू नका, खालचं कुजलेलं प्लायवूड तसंच राहतं. काम उन्हाळ्यात उरका. भर पावसात तात्पुरती ताडपत्रीच.